पूर्णवेळ नोकरी करताना अर्धवेळ अभ्यासक्रम कसा निभावून न्यावा?

आपण लिहिले आहे की, पूर्णवेळ नोकरी करत असताना अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन तीन महिने झाले, रोज रात्री जेवणानंतर नेमाने पुस्तक उघडता, तरी वाचलेले काही लक्षात राहत नाही आणि आता नोकरी किंवा शिक्षण यांपैकी एक सोडावे लागेल असे वाटू लागले आहे. मी लेखा विभागात पूर्णवेळ काम करत चार वर्षांत असा एक अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यातले पहिले वर्ष मला फार जड गेले, म्हणून आपली अडचण मला जवळून कळते. माझ्या मते आपल्याला यांपैकी काहीही सोडण्याची गरज नाही, पण अभ्यासाचा वेग आणि त्याची वेळ या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

आधी वेगाविषयी. ‘अर्धवेळ’ या शब्दाने आपली बहुतेकांची फसगत होते. युरोपातील क्रेडिट पद्धतीचे उदाहरण घेऊ. तेथे पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० क्रेडिटचे धरतात आणि एका क्रेडिटसाठी वर्ग, वाचन, स्वाध्याय आणि परीक्षेची तयारी मिळून २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे त्याच्या निम्मा भार घेतला तरी वर्षाला ७५० ते ९०० तास होतात, आणि ते ४० आठवड्यांत विभागले तर आठवड्याला १९ ते साडेबावीस तास पडतात. आता आपल्याकडे काय उरते ते पाहा. आठवड्याच्या १६८ तासांतून रोजची आठ तास झोप, नोकरीचे ४५ तास आणि येण्याजाण्याचे १० तास वजा केले की ५७ उरतात, आणि त्यांतच स्वयंपाक, जेवण, घरकाम, आजारपण, घरची माणसे असे सगळे बसवायचे असते. आपल्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात एका क्रेडिटला किती तास धरले आहेत ते पाहून हा हिशेब आपण कागदावर मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मी तो पहिले वर्षभर मांडला नव्हता. माहितीपत्रकात सुचवले होते म्हणून पहिल्या सत्रात तीन विषय घेतले आणि त्यांतल्या एकात नापास झाले. पुढे प्रत्येक सत्राला दोनच विषय घेतले, त्यामुळे तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांवर गेला, पण पुन्हा एकही विषय राहिला नाही. एक वर्ष अधिक लागले याची मला आज जराही खंत वाटत नाही.

आता वेळेविषयी, कारण आपली खरी अडचण येथे आहे असे मला वाटते. पहिल्या सत्रात संख्याशास्त्राचे एक पान माझ्यासमोर सलग तीन रात्री होते. नमुन्याचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, काढताना भाजकात नमुन्याच्या संख्येतून एक का वजा करायचा, एवढाच मुद्दा त्या पानावर होता. रात्री साडेदहाला मी ओळीखाली पेन्सिलने रेघा मारत असे, आणि दुसऱ्या रात्री त्याच रेघांवर पुन्हा रेघा मारल्या जात, कारण आदल्या दिवशी वाचलेले आठवतच नसे. शेवटी एका सकाळी पावणेसहाला उठून कोऱ्या कागदावर पाच आकडे घेतले, त्यांची सरासरी काढली आणि प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते लिहिले. त्या पाच फरकांची बेरीज नेहमी शून्यच येते, म्हणून चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, हे तेथे दिसले आणि वीस मिनिटांत तो मुद्दा सुटला. पुस्तक तेच होते आणि मीही तीच होते. फरक एवढाच की आठ-नऊ तासांचे काम डोक्यावरून अजून गेलेले नव्हते. त्यानंतर आठवड्यातले चार दिवस पहाटेचा सव्वा तास आणि सुटीच्या दिवशी सकाळचे चार तास मी अभ्यासासाठी राखून ठेवले आणि रात्रीचे बसणे बंद केले. पहाट सर्वांनाच मानवते असे नाही. कोणाला कामावरून आल्यावर तासभर पडून मग चांगले लक्ष लागते, तर पाळीत काम करणाऱ्याला पाळीप्रमाणे वेळ बदलावी लागते. पण दिवसभरातला आपला सर्वांत ताजा असा जो एखादा तास नोकरीबाहेर उरतो, तो अभ्यासाला द्यावा आणि दमलेला वेळ घरकामाला द्यावा, उलट करू नये.

रात्री लक्ष न लागण्याला थकव्याखेरीज आणखी एक कारण असते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात खालावते. नोकरदार विद्यार्थी तर रोजच असे अर्धवट काम मागे ठेवून घरी येतो. यावर मला लागू पडलेला उपाय असा, की कार्यालयातून निघण्याआधीची पाच मिनिटे राखून काम कोठे थांबले आणि उद्या पहिले काय करायचे ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. हीच सवय अभ्यासालाही लावावी. वही मिटताना समासात मी ‘पुढे: उदाहरण ४, आलेखापासून’ असे लिहीत असे, त्यामुळे दोन दिवसांनी वही उघडली तरी कोठून सुरुवात करावी या विचारात दहा मिनिटे जात नसत.

सुटे पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे मात्र नवे वाचण्यात घालवू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते की, पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्याच दिवशी विसरला जातो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. ज्याला आठवड्यातून मोजकेच तास मिळतात, त्याच्यासाठी हे फार मोलाचे आहे. दुपारच्या सुटीत पुस्तक न उघडता काल काय शिकलो ते कागदाच्या पाठीमागे लिहून काढावे आणि अडलेले तेवढेच नंतर पाहावे. वाचलेले लक्षात राहत नाही ही आपली तक्रार याने बरीच कमी होईल.

झोपेतून तास काढू नयेत, एवढेच त्याविषयी सांगते. शिकलेले पक्के होण्यासाठी झोप लागतेच.

कामाचा भार वाढतो तेव्हा काय करावे, हे आधीच ठरवलेले असले पाहिजे. आमच्याकडे महिनाअखेर आणि वर्षअखेर यांच्या तारखा ठरलेल्या असत, म्हणून सत्र सुरू होताच त्या तारखा, स्वाध्यायांच्या मुदती आणि परीक्षा मी एकाच दिनदर्शिकेवर मांडत असे, आणि जेथे दोन्ही एकमेकांवर येत तेथील स्वाध्याय दोन आठवडे आधी हातावेगळा करत असे. काही आठवडे तर अभ्यासाला शून्य तास असे स्पष्ट लिहून टाकले होते. ठरवून घेतलेली सुटी मनाला खात नाही. रोज ‘आज बसायला हवे होते’ म्हणत घालवलेला आठवडा मात्र फार थकवतो. वरिष्ठांना अभ्यासाविषयी सांगावे, पण सांगताना अडचणींचा पाढा न वाचता परीक्षेच्या तारखा आणि त्या काळात आपले काम कोण कसे पाहील याची सोय घेऊन जावे. मी तसे केल्यावर परीक्षेची रजा दोन महिने आधीच मंजूर होऊ लागली. तीच दिनदर्शिका घरातही सर्वांना दिसेल अशी लावावी, आणि त्यावर घरच्यांच्या हक्काची एक संध्याकाळ आपणच लिहून ठेवावी, जिला अभ्यासाने हात लावायचा नाही.

शेवटी आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. सोडण्याचा निर्णय घेण्याआधी आपल्या संस्थेत तीन गोष्टी लेखी विचारा: चालू सत्रातला एखादा विषय कोणत्या तारखेपर्यंत मागे घेता येतो, तो पुढच्या सत्रात घेतल्यास शुल्क पुन्हा भरावे लागते का, आणि अभ्यासक्रम जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करण्याची मुभा आहे. विषय मागे घेण्याची मुदत बहुधा परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून हे पत्र या आठवड्यातच पाठवावे. उत्तर आले आणि विषयांची जुळवाजुळव करताना काही अडले, तर सत्रातले विषय आणि आपल्या कामाच्या वेळा येथे कळवा, मी त्या पाहून नक्की लिहीन.