तो पीओपी नव्हे! : प्रिमातिच्चोबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या राजवाड्यावर आणि तिथे काम केलेल्या प्रिमातिच्चो या इटालियन कलावंतावर मागे लिहिलं तेव्हापासून पत्रं येताहेत, आणि दर तिसऱ्या पत्रात तोच घोळ: त्याचा स्टको (भिंतीवर उठावात घडवलेलं गिलाव्याचं नक्षीकाम) म्हणजे आपलं पीओपीच, प्लास्टर ऑफ पॅरिस. म्हणून एकदाच काय ते इथे लिहून टाकते.

'प्रिमॅटिशिओ' म्हणायचं की आणखी काही?

प्रिमातिच्चो.

तो चित्रकार, शिल्पकार की वास्तुविशारद? जिथे वाचावं तिथे वेगळंच.

तिन्ही, आणि त्या काळी यात कुणाला नवल वाटत नसे. इटलीत बोलोन्याला १५०४ साली जन्मला. तिथल्याच मान्तुआला चित्रकार-वास्तुविशारद जूलिओ रोमानोच्या हाताखाली 'पलाझ्झो ते' या महालाच्या कामावर पाचसहा वर्षं काढली. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने मान्तुआच्या ड्यूककडे रंग आणि स्टको दोन्ही येणारा माणूस मागितला, तेव्हा १५३२ मध्ये याची रवानगी झाली. दरबारी कलावंत म्हटला की भिंती, छतं, अगदी सोंगांच्या नाचाचे पोशाखसुद्धा त्याच्याच गळ्यात. १५५९ मध्ये फ्रान्स्वानंतरचा राजा दुसरा आंरी वारला आणि दोनच दिवसांत शाही इमारतींचा कारभार वास्तुविशारद फिलिबेर द लोर्मकडून काढून याला दिला. सँ-दनीच्या चर्चमधली आंरी आणि त्याची राणी कातरीन द मेदिची यांची समाधी त्याच्याच आराखड्याची, शिल्पं जेर्में पिलाँची. १५७० मध्ये पॅरिसला वारला.

गाइड म्हणाला, फाँतेनब्लोच्या त्या लांब गॅलरीतलं सगळं स्टकोकाम प्रिमातिच्चोचं. खरं का?

नाही. ती फ्रान्स्वाची गॅलरी, आणि ती रोस्सो फिओरेन्तिनो या दुसऱ्या इटालियन चित्रकाराची. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने त्याच काळात लिहून ठेवलंय की फ्रान्समधलं नाव घेण्याजोगं पहिलं स्टकोकाम प्रिमातिच्चोने सुरू केलं. गाइड मंडळी तेवढंच पाठ करतात. त्याचा हात बघायचा तर राजाच्या जिन्यात जा. हा जिना म्हणजे मुळात राजाच्या मर्जीतल्या डचेस द'एताँपची खोली. लांबसडक पायांच्या, इवल्याशा डोक्यांच्या स्त्रिया चित्रांच्या चौकटी धरून उभ्या आहेत. त्यांच्याकडे बघा, चित्रांवरून मत बनवू नका. ती एकोणिसाव्या शतकात दुरुस्त केलेली आहेत. त्याचीच युलिसिसची गॅलरी मात्र शोधत फिरू नका. ५८ प्रसंग होते तिच्या भिंतींवर, १७३८ मध्ये पाडायला घेतली.

स्टको म्हणजे आपलं पीओपीच ना? आमचा कॉन्ट्रॅक्टर 'इटालियन स्टको' करून देतो म्हणतो.

हा प्रश्न किती वेळा आलाय, मोजणं सोडलं. नाही, नाही आणि नाही.

इटलीतला स्टको म्हणजे भिजवून मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड. खाली जाडाभरडा थर, वर बारीक. आकृती मोठी असली की आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा. रोममध्ये नीरोच्या गाडल्या गेलेल्या महालातलं काम बघून जोव्हान्नी दा उदिनेने ही कृती पुन्हा जमवली. तो आणि जूलिओ रोमानो दोघेही राफाएलच्या कार्यशाळेतले, आणि जूलिओकडून ती विद्या प्रिमातिच्चोकडे आली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत सावकाश दगड होतो. तोवर कारागिराला हाताने घडवायला, कोरायला वेळ मिळतो.

पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाण्यात कालवलं की काही मिनिटांत घट्ट, आणि ओल धरली की भुसभुशीत. साच्यातून छापायला उत्तम! प्रिमातिच्चोलाही ते ठाऊक होतं. १५४० मध्ये राजाने त्याला रोमला धाडलं, तेव्हा वास्तुविशारद विन्योलाला मदतीला घेऊन त्याने प्राचीन मूर्तींचे साचे काढून आणले. त्यांतून लाओकून, अपोलो या मूर्ती ब्राँझमध्ये ओतल्या. त्या आजही आहेत. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यातला घोडा मात्र प्लास्टरचाच राहिला. राजवाड्याच्या अंगणाला अजून 'पांढऱ्या घोड्याचं अंगण' म्हणतात, पण घोडा सतराव्या शतकातच गेला.

तुमचा कॉन्ट्रॅक्टर काय विकतोय ते मी पाहिलेलं नाही. पण डब्यातला तयार लेप किंवा साच्यातली पट्टी असेल तर तिला तिच्या नावाने हाक मारा, आणि पैसेही त्याच भावाने द्या. सही करण्याआधी त्यात काय आहे ते लेखी मागा आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

प्रिमातिच्चोचं मूळ रेखाटन ऑनलाइन विकायला आहे, प्रमाणपत्रासह. घ्यावं का?

विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे कागद. त्याच्या रेखाटनांच्या नकला आणि त्यांवरून केलेली मुद्राचित्रं त्याच्या काळापासूनच फिरताहेत. त्याची रेखाटनं अभ्यासलेल्या तज्ज्ञाने प्रत्यक्ष कागद हातात घेतल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

आमच्या जुन्या वाड्यात दारावर चुन्याची वेलबुट्टी आहे. तडे गेलेत. गवंडी म्हणतो, पावसाळा होऊ दे, मग सिमेंट भरू.

दोन्ही चूक. सिमेंट चुन्यापेक्षा कडक. ते ओल आत कोंडतं आणि क्षार शेजारच्या चुन्यातून फुटतात. म्हणजे तडा राहतो आणि नक्षी जाते. पावसाळा होऊ देण्याइतका वेळही नाही. वरून पाणी कुठून येतंय ते आधी शोधा आणि बंद करा. ते छपराचं काम आहे, त्याला माझी गरज नाही. नक्षीला मात्र जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदाला दाखवल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. तोवर पडलेला प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळून, कुठून पडला ते त्यावर लिहून ठेवा. आणि कृपा करून मला फोटो पाठवून 'किती दिवस टिकेल' विचारू नका. गिलावा मागून सुटलाय की नाही हे बोटाने हलकेच वाजवून कळतं, फोटोतून ऐकू येत नाही.