जिताड्यासाठी ‘बास’ रॉड घेऊ का? आधी दोरीचं बघ

तू मला काका म्हणालास म्हणून मीही अरेतुरेवर येतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहतोस, सुट्टीच्या दिवशी नायगाव-भाईंदरच्या खाडीवर आणि गोराई-मढच्या बाजूला जिताडा मासा गरवायला, म्हणजे गळाने धरायला, जायचंय. अमेरिकन बास फिशिंगचे व्हिडिओ बघून ८,००० रुपयांचा एक संच निवडला आहेस. त्यात साडेसहा फुटी अखंड ‘बास’ रॉड, बेटकास्टिंग रीळ आणि सोबत भरून येणारी नायलॉनची दोरी आहे. घेऊ का?

नको घेऊस. पैसे तेवढेच राहू देत, पण क्रम उलटा कर. मासा कुठे दडतो ते आधी बघ, त्यावरून दोरी ठरव, दोरीवरून काठी, आणि रीळ सगळ्यात शेवटी. दुकानात रीळ काचेच्या कपाटात चमकत असतं म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि दोरीला उरलेसुरले दोनशे रुपये येतात. माशाला मात्र आपल्या सगळ्या सामानातली फक्त दोरीच लागलेली असते.

‘बास’ या शब्दाने बराच घोळ होतो. अमेरिकेतला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा. त्याचा विक्रम जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली जॉर्जिया राज्यात केला आणि २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. दोन्ही मासे जेमतेम १० किलोंचे. म्हणजे ज्या माशासाठी तो रॉड बनतो, त्याची कमाल मजल तिथे संपते. आपला जिताडा इंग्रजीत ‘एशियन सीबास’ असला तरी त्याचं घराणं वेगळं आहे. तो खाऱ्या, निमखाऱ्या आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत राहतो आणि १० किलोच्या बराच पुढे जातो. तिसरा गोंधळ जपानी ‘सीबास’ रॉडचा. तो त्यांच्या सुझुकी माशासाठी असतो, बहुतेक साडेआठ-नऊ फुटी आणि हलक्या हाताचा. मोकळ्या किनाऱ्यावर लांब फेकायला सुरेख, पण तिवरांच्या फांद्यांखाली तो फिरवायला जागाच मिळत नाही. तेव्हा रॉडवरचं नाव वाचू नकोस. मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेले आकडे वाच, त्यांच्याकडे येतोच.

जिताडा आडोशाचा मासा. पुलाचा खांब, जुना धक्का, तिवराची मुळं, खाजणाच्या बांधाची उघाडी (पाणी आत-बाहेर जायची वाट), जिथे पाणी वळतं आणि सावली असते तिथे तो तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. नेमकी तिथेच कालवं, म्हणजे दगडाला चिकटणारे शिंपले, असतात. दगडाला आणि खांबाला चिकटलेल्या कालवाची कड ब्लेडसारखी असते. शिवाय जिताड्याला कुत्र्यासारखे सुळे नसले तरी त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि तोंड आतून कानशीसारखं खरखरीत. गळ लागला की तो पाण्याबाहेर उसळी घेऊन डोकं झटकतो, तेव्हा दोरी त्याच कडेवर घासते. कालव आणि कल्ला, या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्यास की दोरीचा निम्मा प्रश्न सुटतो.

आता दोरी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जे वापरतात ते तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा. स्वस्त, गाठीला सोपा, घासण्याला बऱ्यापैकी टिकणारा. पण तो पाणी पितो आणि ताणला की चांगलाच लांबतो. तीस-चाळीस मीटरवर मासा लागला तर तुझा झटका निम्माशिम्मा त्या ताणातच मुरतो. ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी जवळपास ताणतच नाही. २० पाउंडाची, म्हणजे साधारण ९ किलो ओढ सोसणारी ब्रेडेड ०.२३ मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्याच ताकदीचं तंगूस त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड होतं. जाडी कमी म्हणून फेक लांब जाते, प्रवाहात दोरीला पोट कमी पडतं आणि रिळावर जास्त मावते. पण तिची एक दुखरी बाजू आहे: ताणलेल्या अवस्थेत कालवाला नुसती टेकली तरी ती तुटते. तिसरा प्रकार फ्लुरोकार्बन. तोही एकेरी धागाच, पण तंगुसापेक्षा जड आणि टणक असतो, पाण्यात बुडतो, कमी दिसतो आणि घासणं चांगलं सोसतो. पण रीळभर घ्यायचा तर महाग पडतो आणि जाड फ्लुरोकार्बन रिळावर कुरळा होतो.

म्हणून जोडी करायची. रिळावर २० ते ३० पाउंडाची ब्रेडेड आणि पुढे हातभर ते दीड हात ४० पाउंडाचा फ्लुरोकार्बन, त्याला लीडर म्हणतात. फ्लुरोकार्बन परवडत नसेल तर जाड तंगुसाचा लीडर लाव, पण लीडरशिवाय फेकू नकोस. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी घाईत गळ थेट ब्रेडेडला बांधला होता. जिताडा लागला, एकदाच उसळला, त्याचं पांढरं पोट मी डोळ्यांनी बघितलं आणि दुसऱ्या क्षणी हातातली काठी सरळ झाली. दोरीचं टोक काढून पाहिलं तर वस्तऱ्याने कापल्यासारखं स्वच्छ होतं. गळ तोंडात घेऊन मासा गेला याचं मला आजही वाईट वाटतं. दर तीन-चार फेकींनंतर लीडरवरून बोटं फिरव. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाक आणि गाठ नव्याने मार.

विकत घेताना एक बघ. डब्यावर पाउंडाबरोबर ‘पीई’ आकडा असतो. तो आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नव्हे. पीई २ म्हणजे साधारण ०.२३५ मिलिमीटर. पाउंडाचा दावा कंपनीगणिक बदलतो. ‘५० पाउंड’ लिहिलेली दोरी शेजारच्या ३० पाउंडाच्या दोरीएवढी जाड दिसली तर गोंधळू नकोस. जाडीवरूनच तुलना कर.

गाठी दोनच शीक, पण अंधारात मारता येतील इतक्या पक्क्या. ब्रेडेड आणि लीडर जोडायला डबल युनी, गळ किंवा लुअर (नकली आमिष) बांधायला युनी. एफजी गाठ बारीक होते आणि काठीवरच्या कड्यांतून सुळकन जाते, पण ती होडीत वाऱ्यावर मारणं नवख्याला जमत नाही. घरी बसून सराव झाल्यावर तिच्याकडे वळ. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर. कोरडी आवळलीस तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस आणि फ्लुरोकार्बन तिथेच कमजोर होतात.

काठीकडे ये. मुठीवरच्या आकड्यांत दोन गोष्टी असतात: किती पाउंडाची दोरी आणि किती ग्रॅमचं आमिष. तुला १० ते २० किंवा १२ ते २५ पाउंड आणि १० ते ३५ ग्रॅम असं काहीतरी हवं. त्याला ‘मीडियम हेवी’ म्हणतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. शेंड्यातून वाकणारी ‘फास्ट’ काठी लुअरला चांगली, हाताची हालचाल लगेच पोचते आणि गळ चटकन बसतो. जिवंत कोळंबी लावून बसणार असशील तर थोडी खालपर्यंत वाकणारी घे, नाहीतर न ताणणाऱ्या दोरीवर तू झटका देशील आणि मासा नीट गिळायच्या आत कोळंबी ओढून काढशील. लांबी सात ते साडेसात फूट. निव्वळ काचतंतूची काठी जड, पण आपटणं सोसते. कार्बनची हलकी आणि संवेदनशील, पण धक्क्याच्या कठड्यावर एकदा जोरात आपटली की चीर दिसत नाही आणि पुढच्या मोठ्या माशाला ती तिथेच मोडते. कड्यांच्या आतली सिरॅमिक रिंग कापसाच्या बोळ्याने पुसून बघ. एखादा तंतू अडकला तर कडी चिरलेली आहे, ती ब्रेडेड कापणार.

आणि अखंड रॉड मुंबईत घेऊच नकोस. सात फुटांची काठी घेऊन तू दादरला गाडी बदलणार कशी? दोन तुकड्यांची घे, जमल्यास चार तुकड्यांची, आणि पीव्हीसी पाइपच्या नळकांड्यात ठेव. याहून गंभीर गोष्ट अशी की कार्बनमधून वीज वाहते आणि लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. प्लॅटफॉर्मवर, पादचारी पुलावर किंवा नायगावच्या रेल्वेपुलाच्या आसपास काठी जोडू नकोस. स्पर्शच व्हायला हवा असं नाही, जवळ गेली तरी पुरे. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या दुपारी ढग गडगडायला लागले की काठी आडवी ठेव आणि बांधावरून खाली उतर.

रिळाचं लवकर आवरतो. बेटकास्टिंगला अंगठ्याने स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, रोखायची सवय लागते. ती नसताना समोरून वारा आला की स्पूल दोरीपेक्षा वेगाने फिरतं आणि असा गुंता होतो की भरतीचा उत्तम तास सोडवण्यात जातो. पुढे जरूर शीक, खांबाजवळ अचूक टाकायला त्याच्यासारखं काही नाही. आज ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ घे, त्यात फेकताना स्पूल फिरत नाही. गिअर रेशो ५ ते ६ च्या दरम्यान पुरतो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरी पाच-सहा वेढे गुंडाळली जाते. बेअरिंग किती यावर भाळू नकोस. दहा स्वस्त बेअरिंग खाऱ्या पाण्यात एका पावसाळ्यात खरखरतात, चार चांगली टिकतात. मासा ओढायला लागला की दोरी बेताने सोडणारा रिळाचा ब्रेक म्हणजे ड्रॅग, तिच्यावरच तू मासा खेळवणार. ती गुळगुळीत सुटते का, हे दुकानातच दोरी ओढून बघ. पहिला धक्का बसून मग सुटत असेल तर ते रीळ परत ठेव. फेकल्यावर बेल (स्पूलवरची उघडझाप होणारी तारेची कमान) हाताने मिट, हँडल फिरवून नको. दोरीला पीळ कमी बसतो. परतल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा दे, पुसून वाळव आणि मग ड्रॅग सैल करून ठेव. नळीचा जोरदार फवारा मारलास तर मीठ आत ढकललं जातं.

नव्या रिळावर ब्रेडेड थेट गुंडाळलीस तर ती स्पूलवर घसरते आणि ड्रॅग लागतच नाहीसं वाटतं. आधी दहा-बारा वेढे साधं तंगूस घाल, मग ओल्या फडक्यातून दाबून ब्रेडेड भर, काठाच्या दोनेक मिलिमीटर खाली थांब. भरून झालं की काठी जोडून दोरीचं टोक ताणकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याला, बांध आणि काठी वाकवून ओढ. काटा सव्वादोन ते तीन किलोवर असताना ड्रॅग सुटायला हवी, म्हणजे २० पाउंडाच्या दोरीच्या ताकदीचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा. हाताला हे फार सैल वाटेल. तसंच राहू दे. जिताडा खांबाकडे पळाला तर स्पूलवर तळहात टेकवून थोडा जोर वाढव, पण नॉब पिळू नकोस.

आणि उधाणाच्या दिवशी पहिल्यांदा जाऊ नकोस. पूर्णिमा-अमावास्येला आपल्या खाडीत पाणी कधी कधी साडेचार मीटरच्या वर चढतं, चिखल ढवळून गढूळ होतं आणि परतीची वाट बघता बघता बुडते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, पाणी निवळ असतं, प्रवाह आटोक्यात असतो. येत्या अष्टमीच्या सकाळी मी भाईंदरच्या बाजूला असेन. काठी घेतलीस तर रीळ रिकामंच घेऊन ये, ताणकाटा माझ्याकडे आहे, दोरी तिथेच भरू.