वाचक विचारतात : भजनाच्या कॅसेटी कोणत्या डिस्कवर उतरवू?

प्रश्न : बाबांच्या मंडळाच्या खंजिरी भजनांच्या चाळीसेक कॅसेटी आहेत, बहुतेक सी-60, म्हणजे तासाभराच्या. कम्प्युटरवर घेणं चालू आहे, आता कायमच्या सीड्या करून ठेवायच्या. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो पन्नासचा डबा घ्या, सगळ्या सारख्याच असतात. खरंय का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दिसतात सारख्या, नसतात. राइट करायच्या सीडीत एक डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा थर असतो, सायनिन, अ‍ॅझो नाहीतर थॅलोसायनिन, लेझर त्यावरच खुणा करतो आणि टिकण्यात थॅलोसायनिन सगळ्यात दणकट, सायनिन सगळ्यात नाजूक. पण डब्यावर हे सहसा लिहीतच नाहीत, वर एकाच ब्रँडचा माल दोन वेगळ्या कारखान्यांतला निघू शकतो. जुने लोक अजून जपानच्या ताइयो युदेन या डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं नाव काढतात, पण तिने 2015 मध्येच हा धंदा आवरता घेतला.

डायच्या मागे चांदीचा थर असतो, आणि घरातलं निरांजन काळं पडतं तशी ही चांदीपण पडते, म्हणून महागड्या सीडीत सोनं वापरतात. हा थर सीडीत लेबलच्या अगदी खाली, वर नुसतं लॅकर. मी एकदा हौसेने स्टिकर लावला, वाकडा बसला म्हणून नखाने सोलायला गेलो तर स्टिकरसोबत चांदीच निघून आली, ट्यूबलाइटसमोर धरली तर आरपार! डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मधे असतो, तेवढं बरं.

तुमच्या जागी मी सीडी घेणारच नाही. आवाज जपणाऱ्या संस्थांची जागतिक संघटना आहे, आयासा, ती रेकॉर्डिंगचा दर्जा निदान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा म्हणते. त्या हिशोबाने तासाला साधारण 1 जीबी लागतो, म्हणजे एक सी-60 पण 700 एमबीच्या सीडीत मावत नाही. 25 जीबीच्या ब्लू-रेवर 24 तास बसतात, तुमचं सगळं दोन डिस्कांत. फक्त एलटीएच लिहिलेली घेऊ नका, त्यात पुन्हा तोच सीडीसारखा सेंद्रिय डाय. एम-डिस्क, म्हणजे खास जास्त टिकण्यासाठी बनवलेली डिस्क, मिळाली तर उत्तमच. ब्लू-रे रायटर मात्र लागेल, आणि फाइल वेव्हच ठेवा, आवाज दाबून लहान करणारी एमपीथ्री नको.

राइट झाल्यावर व्हेरिफाय करा, म्हणजे नीट उतरलंय का ते तपासा, दोन सेट करा, एक बहिणीकडे वगैरे ठेवा, आणि हार्ड डिस्कवर कॉपी हवीच कारण डिस्कच्या एकट्या भरवशावर राहू नका असं आयासापण सांगते. आणि हो, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून लोक डिस्का कूलरच्या खोलीत ठेवतात, तिथली ओल उन्हापेक्षा कमी वाईट नाही बरं का. आतल्या खोलीतलं कपाट बघा, डिस्का उभ्या ठेवा, वर्षातून एकदा लावून पाहा. कॅसेटी एवढ्यात भंगारात देऊ नका.