कामावर माणूस घेण्याआधी ऑनलाइन रिपोर्ट काढावा का?

शेंद्र्यात छोटं युनिट आहे, स्टोअरकीपर आणि छोट्या हत्तीवर ड्रायव्हर घ्यायचाय, तर नाव टाकलं की रिपोर्ट देणाऱ्या साइटला पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी वाळूजला भरतीचंच काम बघतो. नुसत्या नावावर निघणाऱ्या रिपोर्टला एक रुपयाही देऊ नका.

असल्या रिपोर्टचा मुख्य मसाला म्हणजे कोर्टाच्या नोंदी, आणि त्या ई-कोर्ट्स या सरकारी साइटवर तुम्हालाही फुकट बघता येतात. खरी गोची नावात आहे. ज्ञानेश्वर जाधव आपल्याकडे गावोगाव सापडतील. इंग्रजीत कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी डी-वाय, कुणी सरळ जी. एका स्पेलिंगने हवा तो सुटतो, दुसऱ्याने भलताच सापडतो. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय काही धरू नका. जुळलं तरी केस कसली ते वाचा. मागे एका पोराच्या रिपोर्टवर लाल शेरा आला होता. उघडून पाहिलं तर बांधाचा दिवाणी दावा, चुलत्यांनी लावलेला, आणि हा त्यात वडिलांमागे वारस म्हणून. फौजदारी असली तरी गुन्हा दाखल होणं वेगळं, शिक्षा होणं वेगळं. जालना-बीडकडच्या कितीतरी पोरांवर आंदोलनातले गुन्हे आहेत, त्यांचं काय करणार?

त्यापेक्षा उमेदवारालाच समोर बसवा. स्टोअरकीपरला त्याच्याच मोबाइलवर ईपीएफओची, म्हणजे पीएफ कार्यालयाची, सर्व्हिस हिस्ट्री उघडायला सांगा. कुठे लागला, कधी सोडलं, सगळं दिसतं. ओटीपी मात्र तुम्ही मागायचा नाही. आणि ठेकेदाराने पीएफच कापला नसेल तर ते काम तिथे दिसणार नाही, लगेच खोटारडा म्हणू नका. मार्कशीट डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून घ्या.

ड्रायव्हरचं लायसन्स परिवहनच्या साइटवर नंबर आणि जन्मतारीख टाकून बघाच. छोट्या हत्तीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. मालासकट एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय.

गुन्ह्याचीच काळजी असेल तर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा. अर्ज उमेदवार स्वतः ऑनलाइन करतो, पडताळणी पोलीस ठाण्यातून होते. फी तुम्ही भरा, बेरोजगार पोराच्या खिशात हात घालू नका.

काय काय तपासणार ते कागदावर लिहून त्याची सही घ्या. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, आज ना उद्या तुम्हालाही विचारणा होईल. फेसबुक चाळायच्या भानगडीत पडू नका. तिथे जात आणि पक्ष कळतो, स्टॉक रजिस्टर नीट लिहितो का ते कळत नाही.