कावळ्यासमोर दिलेला शब्द

«ताई, मी ४१ वर्षांचा आहे. कऱ्हाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वडील माळकरी होते. ३१ वर्षे त्यांनी आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. कॉलेजात असताना माझा देवावरचा विश्वास गेला, तो परत आला नाही. वडिलांना हे ठाऊक होते आणि त्यांनी त्यावरून कधी वाद घातला नाही. माघात ते गेले. दहाव्याला प्रीतिसंगमावर पिंड ठेवले, तर दीड तास कावळा शिवेना. ‘पोरगा मानत नाही, म्हणून जीव अडकलाय,’ असे मागून कोणीतरी बोलले. चुलत्यांनी मला पुढे केले. मी आईकडे पाहिले आणि हात जोडून म्हणालो, ‘बाबा, तुमची वारी मी चालवीन.’ पाच मिनिटांत कावळा आला. आता आई म्हणते, आषाढीच्या आधी माळ घाल. माझा एक जुना मित्र म्हणतो, वारीला गेलास तर तू ढोंगी. नऊ वर्षांची मुलगी विचारते, आजोबा वैकुंठाला गेले का? आणि मला रात्री एकच प्रश्न छळतो. आईला उभे राहायला विठ्ठल आहे. माझ्या पायाखाली काय आहे?»

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, पण मी कावळ्यापासून सुरुवात करते, कारण तो मोठा प्रश्न त्या घाटावरच उभा राहिला आहे. कावळा शिवला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याची सोय परंपरेनेच ठेवलेली आहे. घाटावरच्या गुरुजींना ती ठाऊक असतेच. गर्दी असली, पोटे भरलेली असली की कावळे येत नाहीत, हे गुरुजींच्या पूर्वजांनीही पाहिले असणार. म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडून शब्द काढून घेण्याची धर्माचीही गरज नव्हती. वडील जाऊन दहा दिवस झालेल्या मुलाच्या पाठीमागे तसे बोलणे निष्ठुरपणाचे होते आणि त्या वाक्याचे ओझे तुम्ही इतके महिने वाहत आहात, याचे मला वाईट वाटते. तुमच्या अविश्वासामुळे वडिलांचे काहीही अडले नव्हते. मी स्वतः देव मानते, रोज सकाळी देवघरात दिवा लावते, आणि मानूनच हे तुम्हाला सांगते.

पण शब्द तर दिला गेला आहे. तो कोणाला दिला, याचा विचार करा. वडिलांना उद्देशून बोललात, परंतु तुमच्याच मते ते ऐकायला कोठेही नव्हते. कावळ्याला तर तो दिलेलाच नाही. तुम्ही लिहिले आहे की बोलण्याआधी तुम्ही आईकडे पाहिले. तो शब्द तिने ऐकला, त्यावर तिने त्या दिवशी घास घेतला असेल, आणि ती आज तुमच्या घरात आहे. श्रद्धाळू माणसाने दिलेल्या शब्दाला पितर साक्षी असतात, देव साक्षी असतो, आणि तो मोडला तर प्रायश्चित्ताची वाटही असते. तुमच्या शब्दाला यांपैकी कोणीच साक्षी नाही. वर कोणी पाहत नाही असे मानणाऱ्या माणसाचा शब्द टिकतो तो केवळ त्याने तो टिकवला म्हणून. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की तुम्ही वारीला जावे, आणि ते नास्तिक म्हणूनच जावे.

तुमच्या तालुक्यातल्याच एका मुलाची गोष्ट इथे आठवते. टेंभू गावात १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आपल्या आईला एक पत्र लिहिले होते. मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी करील, असे मनोरथ तिने बांधू नयेत, आपण पोटापुरत्या पैशांत समाधान मानून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत, असा त्याचा आशय आहे. त्यांनी हे कोणत्याही देवाची शपथ घेऊन लिहिले नव्हते, कारण ईश्वराविषयी आपल्याला काही कळू शकत नाही अशीच त्यांची धारणा होती. तरीही न्यू इंग्लिश स्कूलच्या मास्तरकीपासून फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदापर्यंत, दम्याने पोखरलेल्या शरीरानिशी, त्यांनी तो शब्द पाळला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी तो सुटला नाही. १८९५ च्या जूनमध्ये, वयाची ३९ वर्षेही पुरी झालेली नसताना ते गेले, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून बांधून ठेवलेली पैशांची पुरचुंडी त्यांच्या उशाशी सापडली, असे सांगतात. मरणानंतर आपले काहीही उरत नाही असे मानणारा माणूस आपल्यामागे उरणाऱ्यांची इतकी काळजी करतो, तर त्याच्या पायाखाली काहीच नव्हते असे मला म्हणवत नाही. आणि याच आगरकरांनी पत्नी यशोदाबाईंच्या देवपूजेला कधी आडकाठी केली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या अग्रलेखांइतकीच मोलाची वाटते.

माळेबाबत मात्र मी आईच्या बाजूने नाही. घाटावर तुम्ही वारीचा शब्द दिला, माळेचा दिला नाही. तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्यमांस वर्ज्य करणे, एकादशी पाळणे, नित्य हरिपाठ म्हणणे, वारी न चुकवणे, आणि हे सर्व विठ्ठलाला आपला मानून करणे. ती एकदा घातली की उतरवायची नसते. शेवटची अट मनात नसताना ती गळ्यात घालणे हा, तुमच्या दृष्टीने सोडा, तुमच्या वडिलांच्या दृष्टीने माळेचा अपमान ठरला असता. ज्या माणसाने एवढी वर्षे तुमचा अविश्वास पाहिला आणि एकदाही माळ पुढे केली नाही, त्याला हे कळत होते. आईला नेमके हेच सांगा. ‘मी मानत नाही’ एवढ्यावर थांबलात तर तिला दार लावल्यासारखे वाटेल. ‘बाबांनी जी गोष्ट कधी खोटी केली नाही, ती मला खोटी करायची नाही,’ असे म्हणालात तर ते तिच्याच भाषेतले असेल. ती रडेल कदाचित. रडू द्या, आणि त्याच बैठकीत वारीचे दिवस ठरवा.

आता तुमच्या मित्राविषयी. जे मनात नाही ते असल्याचे भासवणे म्हणजे ढोंग. ज्ञानोबा-तुकारामांच्या गजरात चालताना ‘तुझी श्रद्धा आहे का’ असे कोणी विचारले आणि तुम्ही ‘नाही, वडिलांसाठी आणि आईसाठी चालतो आहे’ असे उत्तर दिले, तर ढोंग कोठे उरले? मित्र ज्या विचारांच्या बळावर बोलतो, त्यांचा मला आदर आहे. परंतु डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या प्रश्नावर तटस्थ राहिली आणि श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या शोषणाविरुद्ध लढली. त्या लढ्याची किंमत दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात आपल्या प्राणांनी मोजली. विधवा आईबरोबर पंढरीला गेलेल्या मुलाला खोटा ठरवण्यासाठी तो लढा नव्हता. मित्राला बळ खर्चायचेच असेल, तर घाटावर मागून बोललेल्या त्या वाक्याविरुद्ध ते खर्चावे.

राहिला तुमचा रात्रीचा प्रश्न, आणि इथे मला तुम्हाला थोडे कठोर सांगायचे आहे. देव नाही, हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. ते प्रामाणिक असू शकते, पण त्या उत्तरावर घर उभे राहत नाही. तसेच ‘देव आहे’ एवढ्या वाक्यावरही तुमच्या आईचे घर उभे नाही. वडील गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत तिच्याजवळ काय काय होते, ते आठवून पाहा. संध्याकाळी टाळ घेऊन आलेले भजनी मंडळ होते, कोणत्या दिवशी काय करायचे हे ठरवून देणारी रीत होती, आपल्या आधी शेकडो बायकांनी हे सोसले आहे हे सांगणारे अभंग होते, आणि पहाटे उठायला हरिपाठाचे निमित्त होते. विठ्ठल तिला या सगळ्यांतून भेटतो. तुम्ही विशीत विठ्ठल नाकारलात तेव्हा त्याच्याबरोबर हा सगळा संसारही नकळत दाराबाहेर ठेवलात आणि त्याच्या जागी दुसरे काही आणले नाही. वीस वर्षे त्याची उणीव भासली नाही, कारण घरात वडील होते आणि त्यांच्या नेमाच्या सावलीत तुम्हीही राहत होता. सावली गेल्यावर ऊन लागले आहे. देव मानत नसल्याची ही शिक्षा आहे असे कृपा करून समजू नका. श्रद्धाळूंना आयते मिळते ते तुम्हाला स्वतः घडवावे लागणार आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. ते घडवता येते. ईश्वरावाचून सांख्य तत्त्वज्ञांनी आपले दर्शन उभे केले आणि बुद्धाने धम्म सांगितला. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना जी दीक्षा दिली, तिच्यात सृष्टिकर्त्या देवाला स्थान नव्हते, पण शील होते, संघ होता, रोजच्या आचरणाची प्रतिज्ञा होती. शील आणि संघ हे शब्द मुद्दाम लिहिते. तुमच्याजवळ शील आहे, नाहीतर कावळ्यासमोरच्या एका वाक्याने तुमची झोप उडाली नसती. संघ नाही. ज्यांच्यासमोर तुम्ही वडिलांसाठी रडू शकाल अशी चार माणसे कोणती, ते मला लिहून कळवा. नसतील तर आधी ती जोडा. रविवारी सकाळी गावातल्या मुलांना घेऊन प्रयोग करायला बसा, पण मग तो रविवार वडिलांच्या एकादशीसारखा पाळा, लग्नकार्य आले म्हणून चुकवू नका.

श्रद्धेलाही मी पक्का पाया म्हणणार नाही. पोटचे मूल गेल्यावर देव्हारा कायमचा बंद केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि केवळ भीतीने उपास करणारी, एक सोमवार चुकला तर थरथर कापणारी माणसेही पाहिली आहेत. माझी स्वतःची श्रद्धा दोनदा डळमळली, आणि दोन्ही वेळा मला सावरले ते माझ्या सासऱ्यांनी, जे देव मानत नसत. ते मला एकच विचारत, ‘आज जेवलीस का?’

मुलीला खरे सांगा, आणि ते आईसमोरच सांगा. ‘आजी मानते की आजोबा वैकुंठाला गेले. मला तसे वाटत नाही. मला वाटते, ते आता कोठेही नाहीत, म्हणून मला त्यांची फार आठवण येते.’ नऊ वर्षांच्या मुलीला एवढे पेलते. आजीचे चूक की बाबांचे, असे ती पुढे विचारील. निवाडा तिच्याकडून आत्ता मागू नका आणि तुम्हीही देऊ नका. आजीबरोबर ती हरिपाठ म्हणत असेल तर म्हणू द्या. यशोदाबाईंच्या घरातही देवघर होतेच.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. म्हणजे सतरा-अठरा दिवस आणि सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल. त्याच सुमारास शाळा उघडते. घाटावर अंतर बोललो नव्हतो, ही पळवाट घेऊ नका, पण वर्गातल्या मुलांचेही तुम्ही देणे लागता. रजा शिल्लक असेल त्याप्रमाणे यंदा लोणंदपासून किंवा फलटणपासून चालायला घ्या आणि आईला वाखरीला बोलावून शेवटचा टप्पा तिच्याबरोबर चाला. वडिलांच्या दिंडीच्या प्रमुखांना आधी जाऊन भेटा आणि तुम्ही मानत नाही हे त्यांना स्वतः सांगा, दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत आईला उभे करा, तुम्हाला आत जायचे नसेल तर चंद्रभागेच्या वाळवंटात थांबा. गाडगेबाबा वारीच्या दिवसांत खराटा घेऊन तेथेच असत, आणि त्यांना नास्तिक म्हणता येणार नसले, तरी त्यांचा देव देवळात नव्हता, माणसांत होता. यात्रेनंतर ते वाळवंट झाडायला आजही माणसे लागतात. आणि चालण्याचा सराव आजपासूनच सुरू करा, नव्या चपला मात्र घेऊ नका.