पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण

प्रश्न : आमच्याकडे गिरिराज जातीच्या कोंबडीची 300 पिल्ले असून ती पाच आठवड्यांची आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून शेडचे पडदे रात्रंदिवस पूर्ण बंद आहेत. चार दिवसांपासून काही पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त दिसते आणि काल सात पिल्ले मेली. पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स देत आहोत. ही मानमोडी (राणीखेत रोग) तर नव्हे ना? लस लगेच द्यावी का?
– एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून ही मानमोडी वाटत नाही. मानमोडीत पिल्ले तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट पातळ हगतात आणि पुढे मान वाकडी होते. रक्त पडणे आणि पिल्लांचे वय पाहता रक्ती हगवणीची, म्हणजेच कॉक्सिडिओसिसची, शक्यता अधिक आहे. तरीही आज मेलेले एखादे पिल्लू पिशवीत बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अवश्य न्यावे. आतड्याच्या शेवटच्या दोन बंद पिशव्या रक्ताने भरलेल्या आढळल्या, तर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

या रोगाचे मूळ आपल्या शेडमधील गादीत, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरात, आहे. विष्ठेवाटे पडलेली परजीवींची अंडी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांतच रोग पसरवण्याजोगी होतात, आणि पडदे पूर्ण बंद केल्याने नेमकी हीच ऊब व ओल आत कोंडली गेली. गादीतील तूस मुठीत घट्ट दाबून पाहा : मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला, तर गादी ओली आहे. पाण्याच्या भांड्यांभोवतीचे चिकट थर आजच काढून शेडपासून लांब टाकावेत, कोरडे तूस पसरावे, थोडी चुन्याची भुकटी मिसळावी आणि गादी रोज खालीवर करावी. पडदे खालून वर ओढण्याजोगे बांधून वरचा फूट-दीड फूट भाग सदैव मोकळा ठेवावा, म्हणजे झड आत येणार नाही आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया वायूही साचणार नाही. शेडमध्ये शिरताच आपले डोळे चुरचुरत असतील, तर जमिनीलगत वावरणाऱ्या पिल्लांना त्याचा त्रास कितीतरी अधिक होत असतो.

औषध म्हणून पशुवैद्यक बहुधा पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम देतील. मात्रा त्यांच्याकडूनच घ्यावी. मात्र आजपासून हे औषध संपेपर्यंत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवावे, ही कळकळीची विनंती. कारण अ‍ॅम्प्रोलियम परजीवीला जीवनसत्त्व बी-1 मिळू न देऊन काम करते आणि आपण तेच जीवनसत्त्व वरून पाजत राहिलो, तर औषधाचा प्रभाव कमी होतो. चांगल्या भावनेने केलेला हा उपचार अनेक ठिकाणी पिल्लांच्या जिवावर बेततो.

आजारी पिल्लांना लस देऊ नये. कळप सावरल्यावर मानमोडीची लासोटा लस पाण्यातून देणार असाल, तर त्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग पावडर मुळीच नको, कारण क्लोरीनमुळे लसीतील जिवंत विषाणू मरतो. एरवी मात्र पावसाळ्यात विहिरीचे गढूळ पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पाजू नये.