काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे आयकॉन टास्कबारच्या यादीतून कसे घालवायचे

प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी 'टास्कबारवर कोणते आयकॉन दिसावेत' या यादीत त्याचं नाव राहतंच, कुठे तर एकच नाव तीनदा दिसतं, असा प्रश्न आहे. हा व्हायरस नाही. घड्याळाशेजारी आयकॉन दाखवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या साठ्यात, नोंद ठेवतं आणि अनइन्स्टॉलर सहसा त्या नोंदीला हात लावत नाही. नोंद फाइलच्या पूर्ण पाथवरून, म्हणजे ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे त्या पत्त्यावरून होते. त्यामुळे डिस्कॉर्डसारखा प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटला नव्या फोल्डरमध्ये गेला, की त्याची नवी नोंद तयार होते.

विंडोज १० मध्ये रजिस्ट्री एडिटर उघडून या क्रमाने जा: एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, पुन्हा सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, ट्रे नोटिफाय. या शेवटच्या 'की'वर (रजिस्ट्रीतल्या फोल्डरसारख्या कप्प्याला 'की' म्हणतात) राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करा; बॅकअपशिवाय पुढे जाऊच नका. उजवीकडे 'आयकॉन स्ट्रीम्स' आणि 'पास्ट आयकॉन्स स्ट्रीम' अशा दोन व्हॅल्यू, म्हणजे त्या कीमधल्या नोंदी, दिसतील. त्या लगेच डिलीट करू नका. बहुतेकांचं इथेच फसतं. टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणारा विंडोजचा एक्सप्लोरर हा प्रोग्रॅम ही यादी मेमरीत धरून असतो आणि बंद होताना ती परत रजिस्ट्रीत लिहितो. व्हॅल्यू उडवून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, की जुनी यादी जशीच्या तशी हजर होते ती म्हणूनच.

म्हणून रजिस्ट्रीची विंडो उघडीच ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स' टॅबमध्ये एक्सप्लोररला एंड टास्क करा. टास्कबार आणि डेस्कटॉप गायब होतील, घाबरू नका. आता त्या दोन्ही व्हॅल्यू डिलीट करा, मग टास्क मॅनेजरच्या फाइल मेनूतल्या 'रन न्यू टास्क'मधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा. यादी कोरी होईल, पण कोणता आयकॉन दाखवायचा आणि कोणता लपवायचा हे तुम्ही ठरवलेलंही पुसलं जाईल. ते पुन्हा लावावं लागेल.

विंडोज ११ च्या २२एच२ या आवृत्तीपासून हे काम पुष्कळ सोपं आहे. एचकी करंट यूजरमध्ये कंट्रोल पॅनेल, त्यात 'नोटिफाय आयकॉन सेटिंग्ज'. इथे प्रत्येक आयकॉनला लांबलचक आकड्याच्या नावाची स्वतंत्र की असते. तिच्यातली 'एक्झिक्युटेबल पाथ' व्हॅल्यू वाचा आणि जी फाइल आता अस्तित्वात नाही तेवढीच की उडवा. पाथची सुरुवात महिरपी कंसातल्या कोडने झाली असेल, तर तो प्रोग्रॅम फाइल्ससारख्या फोल्डरचा आयडी असतो. बिघाड समजू नका. चुकून चालू प्रोग्रॅमची की गेली, तर तो पुढच्या वेळी सुरू होताना नवी बनवतो.

क्रॅश झालेल्या प्रोग्रॅमचा घड्याळाशेजारी अडकलेला आयकॉन हा वेगळा प्रकार. त्यावरून माउस फिरवला की तो जातो, रजिस्ट्री उघडायची गरज नाही. आणि एवढ्यासाठी रजिस्ट्री क्लीनर मुळीच बसवू नका. या एका यादीसाठी तो इतर शेकडो नोंदींना हात घालतो.